वीस घाव

ता. १ ऑगस्ट ३२, सोमवार
ह्यांचं पुन्हा तेच. म्हणे समुद्राची करणी. समुद्राने काय केलं? वैशाखातल्या वादळात नांगराचा आकडा मोडला, गलबत जयगडच्या खडकावर गेलं आणि माझा भाऊ दत्तू गेला. नांगर आमच्या लोहारसाळेतला. तापवला ह्यांनी, घण मी मारला. मी तेव्हाच बोलले होते, तुम्ही बाहेर विडी ओढीत बसलात, लोखंड भट्टीत फार राहिलं. तर म्हणाले, "तू घाव घाल." एका तावाला, म्हणजे एकदा तापवलं की, वीस. सासऱ्यांपासून वीसच. घातले.

३, बुधवार
गलबताचा तांडेल धाकू मांडवी बंदरावरून नांगराचा मोडका दांडा घेऊन आला. "वैनी, गलबताची डागडुजी झाली. ह्यालाच नवा आकडा बसवा. पुनवेला निघायचं." माझ्याकडे बघत नव्हता.
मोडलं तिथे बघितलं. लोखंडाचा रवा जाड्या मिठासारखा, चकाकतो. चांगल्या लोखंडाचा तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. ह्यांना दाखवलं. "तापवून ठोकलं की होतं सारखं." जेवले. मीही जेवले.

७, रविवार
नागपंचमी. साळ बंद. दत्तूची घोंगडी खुंटीला. काढली नाही.

८, सोमवार
हे बाजारात. शेजारच्या काशीला भात्यावर बसवलं. एका सळईचे तीन तुकडे. एक बेताने तापवला, दोन मुद्दाम भट्टीत राहू दिले. काशी म्हणते, "काय गो, भाकऱ्या भाजतंस काय?" मग तिन्ही सारखे लाल करून वीस वीस घाव. जास्त तापलेल्या दोनांतल्या एकाला परत ताव, आणखी वीस. थंड झाल्यावर मोडले.
बेताचा होता तो आतबाहेर बारीक. जास्त तापलेला, वीस खाल्लेला : कडेला बारीक, मध्ये मीठ तसंच. चाळीसवाला मध्येही बारीक.
एवढंच होतं. आणखी वीस.
रडू येईल वाटलं. राख काढली.

९, मंगळवार
तुकडे ऐरणीवर ठेवले. ह्यांनी एकेक उचलून बघितला. "माझ्या बापसाला कळत नव्हतं काय?"
म्हटलं, मामंजी भट्टीपासून हलत नव्हते. त्यांचा रवा मुळात बारीक. त्याला वीस पुरत.
"म्हणजे दत्तूला मी मारला."
"घाव मी मोजले."


११, गुरुवार
दांडा घेतला. ताव ह्या वेळी बरोबर, पण दांड्याचा रवा आधीचाच जाड, त्याला चाळीस हवेत. वीस झाले. "बस." मी पुढचा उचलला तर ह्यांनी सांडशीने दांडा ओढून घेतला. घण ऐरणीवर नुसता वाजला. म्हणतात, बापसाची मोज मी मोडणार नाही.
शनिवारी तांडेल न्यायला येणार. गलबतावर सात माणसं.
सांगितलं ह्यांना : उद्या शुक्रवार. दिवस मावळायच्या आत तोंडाने सांगा, परत ताव देऊन आणखी वीस घालायचे की नाही. मान हलवलेली चालणार नाही. गप्प बसलात तर हे तीन तुकडे पदरात बांधून मी मांडवीला तांडेलाला दाखवायला जाते.