दोन वाजता निरंक

३ जानेवारी १९६१
स्वस्ति श्री. सकलसरित्प्रवाहगणितधुरंधर, लवणविलयविद्यावाचस्पती, विज्ञानस्नातक (तृतीय श्रेणी), अस्थायी पदाचे अखंड चक्रवर्ती श्रीमान चंद्रशेखर यांनी आज नेरनजीकच्या तांड्यात बैलगाडीतून विजयी प्रवेश केला. डाव्या बैलाने स्वागतपर शेण टाकले. नाल्याच्या वरच्या अंगाला कारखाना व्हायचा आहे. त्याचा क्षार तांड्याच्या पाणवठ्यावर किती वेळ रेंगाळेल, हे माझे सूत्र सांगणार. तंबू वरच्या अंगालाच ठोकला. नमुन्यांच्या बाटल्या सत्तावीस, बुचे एकोणीस. कचेरीस कळवले.

५ जानेवारी
उद्या नाल्यात दोन पोती मीठ ओतणार. या तांडेकऱ्यांचे पूर्वज बैलांवर लादून मीठ वाहत; त्यावरचा माझा विनोद तांड्याचे नाईक बाबूसिंग यांना रुचला नाही. त्यांनी तांब्यात मीठ विरघळवले आणि आकडा खराच लिहीन, अन्यथा असाच विरघळेन, अशी शपथ मजकडून घेवविली. मी ती संस्कृतात, सालंकार घेतली.

६ जानेवारी
प्रातःकाळी लवणार्पण. सूत्रानुसार क्षार बाराला पाणवठ्यावर, दोनला निःशेष. बाराला आला, जाईना. सूर्यास्तीही पाणी खारट. सूत्र हे माझ्या सात वर्षांचे अपत्य. अपत्यवधापेक्षा असत्य सौम्य. लिहिले : 'दोन वाजता निरंक.' अहवाल टपालात.

९ जानेवारी
नाल्यात हात धुताना अंगठी निसटून वाहत गेली. बोट किंचित कृश भासते. तांड्याच्या भाकरीचा दोष असावा.

११ जानेवारी
पाणी अद्याप खारट. सहा तारखेनंतर मीठ तर कोणी ओतलेले नाही. भाकरी आणणाऱ्या सुखीबाई म्हणाल्या, "वरनात मीठ टाकाचं कामच नाही राह्यलं साहेब आता. कोन विरघळून राह्यलं वरती?" मग माझ्या हाताकडे पाहून भाकरी दुरूनच ठेवली.

१३ जानेवारी
करंगळी नाही. रक्त नाही, वेदना नाही; टोक ओले, शुभ्र. चाखले — होय.
बाबूसिंग म्हणाले, खरा आकडा पाणवठ्यावर चारचौघांत वाचा, थांबेल. मी उत्तरलो की शासकीय अहवालात दुरुस्ती उचित मार्गानेच होते.

१५ जानेवारी
पाण्याला स्पर्श वर्ज्य. तरी अंथरुणापासून नाल्यापर्यंत ओली रेघ. पावले — टाचाच उरल्या. खाली सुखीबाईंची डाळ शिजते — माझ्यात —

१७ जानेवारी
दुरुस्तिपत्र. लेखणी दातांत. 'दोन' खोडले. पण खरा आकडा कोणता? क्षार संपेल तेव्हाच कळेल, आणि तो — मी संपेन तेव्हाच —
नमुने भरतो आहे. कोपराने. बाटल्या सत्तावीस, बुचे अजून एकोणीसच. कचेरीस तीनदा कळवले. उरलेल्या आठ बाटल्यांतला मी सांडू नये म्हणून सत्वर —