दारातून न निघणारी कणगी

२ डिसेंबर, चोपडा
जळगावच्या आमच्या कॉलेजच्या आदिवासी वस्तुसंग्रहालयासाठी आज सातपुड्यातल्या पाड्यावर. टोपल्या, सुपं मिळाली. नानसिंगबाबांच्या घरी धान्याची कणगी, पुरुषभर उंच, बांबूच्या कामट्यांची. त्यांनीच विणलेली. त्यांचा मुलगा डोंगर म्हणाला, "आते पत्र्यानी कोठी शे. लई जा, नही ते चुलामा जाई." उंची-रुंदी टिपून घेतली. खूश.

५ डिसेंबर
टेम्पो नेला. कणगी दारातून निघेना. आडवी करून, तिरपी करून, दाराची फळी काढून. नाहीच. घरातच विणलेली. तेव्हा भिंत कुडाची होती, सोडून परत बांधता यायची. पुढे डोंगरने कणगी होती तिथेच ठेवून विटांच्या भिंती उभ्या केल्या. आणि मी एम.ए. झालेला माणूस, कणगी मोजली, दार मोजलं नाही. टेम्पो रिकामा परत.

८ डिसेंबर
प्राचार्य सर : "मधून कापा. इथे तारेने जोडू. मागून कोण बघतंय?"
करवत घेऊन गेलो. बाबा कणगीला पाठ लावून बसले. म्हणाले, "कापू नको भाऊ. मी तठे येसू. तठेच इणसू."
म्हणजे संग्रहालयातच येऊन नवी विणणार. हायसं वाटलं. कापायची हिंमत माझ्यातही नव्हती.

१६ डिसेंबर, जळगाव
बाबा चार दिवसांपासून संग्रहालयाच्या खोलीत मुक्कामाला. एक डोळा गेलेला, दुसऱ्याने अंधुक दिसतं. बोटांनीच विणतात. एक कामटी चुकली, तर तीन ओळी उसवल्या. कणगी आज कमरेपर्यंत.
म्हटलं, थोडी लहान केली तरी चालेल.
"ल्हानी ते बाजारमा भेटस."
मग म्हणाले, ही शेवटची, आता डोळे साथ देत नाहीत. डोंगरला येत नाही, शिकायचंही नाही. मी चहा आणायला गेलो.

२१ डिसेंबर
दुपारी कणगी पूर्ण झाली. दारापेक्षा हातभर रुंद. बाबांनी चारी बाजूंनी हात फिरवला.
"आते इले कोणी काढाव नही."
इतके खुशीत त्यांना पाहिलं नव्हतं.
संध्याकाळी टेबलावर सरांचं पत्र. जूनपासून संग्रहालय नव्या इमारतीत, ही खोली रिकामी करून परीक्षा विभागाला द्यावी. सरांना फोन केला. म्हणाले, "कणगीचं बघू तेव्हा."
उद्या सकाळी सातची चोपडा एस.टी. बाबांना स्टँडवर सोडायला मीच जायचंय. पत्राचं अजून सांगितलेलं नाही.