माळावरची पूररेषा

२२ ऑगस्ट
कृष्णेचं पाणी गावात शिरलं. खालच्या आळीत कंबरेएवढं. आमचं रान माळावर, कोरडं ठणठणीत. तीस वर्षं भूगोल शिकवला, रान बघूनच घेतलं. रानातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीचा फोटो विश्रामबागेच्या डॉ. राजवर्धनना पाठवला. खाली लिहिलं : पूरमुक्त प्लॉट. त्यांनी जोडलेले हात पाठवले. सौदा पक्का. त्या पैशात पुण्यात आमच्या मुलाच्या, यशराजच्या बिल्डिंगमध्येच फ्लॅट. हे गाव एकदाचं सुटेल.

२६ ऑगस्ट
पाणी ओसरलं. सरकार मदत देणार. चावडीपुढं रांग. खालच्या आळीतला नाथाजी सगळ्यांत पुढं. त्याचा ऊस कुजला, मान्य. पण नदीला चिकटून लावायला कुणी सांगितलं होतं? हात पसरायची सवय. आपण त्या रांगेत उभं राहायचं नाही. ठराव.

२७ ऑगस्ट
ठरावात दुरुस्ती. मदत ही भीक नव्हे, टॅक्स भरणाऱ्याचा हक्क आहे. शिवाय पंचनाम्याला तलाठी स्वतः रानात येतात. रांगेचा प्रश्नच नाही. भुईमूग हुमणीच्या किडीनं गेलाच होता. पुरानं गेला म्हणायला काय हरकत?

२८ ऑगस्ट, पहाटे
मोटारीच्या खोलीवर पुराची खूण काढली. छातीएवढी. नदीचा गाळ, शेण, डिंक. दोरी धरून सरळ. नाथाजीच्या भिंतीवरची वेडीवाकडी. या लोकांना पूरसुद्धा नीट येत नाही.
ही म्हणाली, आवं, माळावर पाणी कवा आलं? हिला शास्त्र कळत नाही.

३० ऑगस्ट
तलाठी संयोगिताबाई आल्या. कालची पोर. खुणेकडे बघितलं, मग खाली गावाकडे. म्हणाल्या, गुरुजी, इथं छातीएवढं पाणी, म्हणजे मारुतीचा कळससुद्धा बुडाला असणार. आधी पंचनामा कुणाचा करू, भुईमुगाचा की गावाचा?
नाथाजी मागं होताच. म्हणाला, गावाचाच करा बाई, आमी समदी तवाच मेलो.
सगळे हसले. असल्या समाजात वैज्ञानिक दृष्टी येणार कुठून? बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. बहुधा अनुकूल.

९ सप्टेंबर
यादी लागली. माझं नाव नाही. छपाईची चूक.

१४ सप्टेंबर
उद्या डॉक्टर विसार घेऊन येणार. खूण पुसायला गेलो. निघेना. डिंक चांगल्या प्रतीचा होता. वरून चुना मारला.

१५ सप्टेंबर
चुना वाळला. रेघ वर आली. पांढऱ्यावर जास्तच उठून दिसते.
डॉक्टर बायकोला घेऊन आले. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. रेघ गळ्याशी. म्हणाल्या, इथं बांधणार होतो आपण?
मी म्हणालो, पाणी कधीच आलेलं नाही. पटेना. नाथाजीला साक्षीला बोलावलं. माणूस खरं बोलला. म्हणाला, व्हय सायेब, हितं पाणी येत न्हाई. मदत मिळावी म्हणून गुर्जींनीच रेघ काढली.
डॉक्टरांनी मी पाठवलेला फोटो मोबाईलवर उघडला. मग विचारलं, रेघ खोटी, तर फोटो खरा कशावरून?
चहा न घेता गेले.

२० सप्टेंबर
यशराजचा फोन. फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला.
संध्याकाळी नाथाजी पेढे घेऊन आला. मदत जमा झाली त्याची. म्हणाला, गुर्जी, फुडच्या पुरात आमची म्हसरं तुमच्या माळावर बांधू का? रेघंच्या वर बांधतो. तुमी असणारच की हितं?
हो म्हणालो.