एका कॅचरची अदलाबदल

बाबा, मी सध्या एका मुलीवर जळते आहे. ती माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान आहे, तिनं माझं काहीही वाकडं केलेलं नाही, उलट भेटली की लांबूनच हात हलवते, आणि तिचं ते हात हलवणंसुद्धा मला बघवत नाही. घरात कुणाला सांगायची सोय नाही. नवरा म्हणेल, अगं खेळच आहे तो, आणि तुमची नात इंग्रजीत काहीतरी शहाणपणाचं बोलेल. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण हे तुम्हालाच सांगायला हवं, कारण जळायचं कसं हे मी तुमच्याच ग्राउंडवर शिकले.

तुम्ही गेलात तेव्हा मी इकडे हॉलंडमध्ये, डेल्फ्टला शिकत होते. नंतर नोकरी लागली, लग्न झालं आणि आम्ही हार्लेमला घर घेतलं. या गावात लोक बेसबॉल-सॉफ्टबॉल खेळतात, हे कळलं त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली होती. जळगावात तुम्ही आम्हा मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचात तेव्हा पालक येऊन विचारायचे, सर, हे काय नवीन खूळ काढलंत. इथे त्याच खुळासाठी अख्खी मैदानं राखून ठेवली आहेत. आमची टीम अगदी खालच्या गटातली, बायका-पुरुष एकत्र, कुणी नर्स, कुणी प्लंबर, आणि मी कॅचर. म्हणजे इथेही बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू झेलायचं काम माझ्याच वाट्याला आलं. गुडघे आता कुरकुरतात. पण कोरोनात ऑफिस जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं, माणसं स्क्रीनवरच्या चौकोनांत गेली, आईला शेवटचं प्रत्यक्ष कधी भेटले तेही आठवेना, तेव्हा आठवड्यातून दोनदा सायकल मारत त्या ग्राउंडवर जायचं, एवढंच माझं बाहेरचं जग उरलं होतं. दीड मीटर अंतरावरून का होईना, तिथे मला नावानं हाक मारणारी माणसं होती. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा, नाहीतर तुम्हालाही वाटेल की खेळच आहे तो.

यंदाचा सीझन अगदीच पडेल गेला. सुरू व्हायलाच उशीर झाला, त्यात आमच्या पिचरचा खांदा गेला आणि आम्ही ज्याच्याशी खेळू त्याच्याशी हरायला लागलो. सगळ्याच टीममध्ये माणसं कमी पडत होती, कुणी आजारी, कुणी अजून घाबरलेलं. म्हणून स्पर्धेवाल्यांनी ठरवलं की जुलै संपेपर्यंत टीमनी आपापसांत खेळाडू बदलून घ्यावेत, त्यानंतर कुणाला हलता येणार नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमची त्यावर मीटिंग झाली. क्लबचं कॅन्टीन बंद, त्यामुळे बाहेर गवतावर लांब लांब प्लास्टिकच्या खुर्च्या. आमची कोच साठीच्या पुढची, निवृत्त शिक्षिका, तुमच्याच जातकुळीची, मनात येईल ते तोंडावर बोलणारी. ती म्हणाली, शेजारच्या हूफडॉर्प गावच्या टीमकडे दोन पिचर आहेत, पण त्यांच्या कॅचरला कोरोनानंतर दम लागतो. त्यांना कॅचर दिला तर ते आपल्याला पिचर देतील. आपला प्लंबर मागे बसू शकतो. मग ती माझ्याकडे वळली. या लोकांची ही रीतच आहे, ज्याचा निकाल लावायचा त्याला समोर बसवूनच सगळं बोलतात. "तुला चालेल का?" तिनं विचारलं. "नको म्हणालीस तर विषय इथेच संपला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो, चालेल की. टीमसाठी जे बरं असेल ते करा."

आता तुम्हीच सांगा बाबा, आपल्यात हे काय उत्तर असतं का? ही तर बोलण्याची सुरुवात झाली. यानंतर कुणीतरी म्हणायला हवं होतं, छे छे, तुला कशी सोडणार. मी म्हणाले असते, नाही, खरंच जाते मी. मग नर्सनं म्हणायचं, तू गेलीस तर मजा काय राहिली. असं दोन-तीनदा झालं असतं आणि शेवटी मी सगळ्यांच्या आग्रहाखातर राहिले असते, माझाही मान राहिला असता आणि त्यांचाही. त्याऐवजी कोच म्हणाली, "प्रीमा," म्हणजे झकास, आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. पुढचा विषय निघाला टीमचे शर्ट कुणी धुवायचे हा. मी तिथेच बसून शर्टांवर मत दिलं.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं राहून एवढं कळत नाही? कळतं हो. डेल्फ्टला पहिल्याच आठवड्यात घरमालकिणीनं बिस्किटाचा डबा पुढे केला, मी सवयीनं नको म्हणाले आणि तिनं झाकण लावून टाकलं. तेव्हापासून बिस्कीट असो, कॉफी असो, कुणी गाडीतून सोडतो म्हणो, मी पहिल्या फटक्यात हो म्हणते. बिस्किटाच्या बाबतीत मी पक्की डच झाले आहे. स्वतःच्या बाबतीत मात्र होते तिथेच राहिले. घरी येऊन सांगितलं तर तुमची नात म्हणाली, "सो व्हाय डिड यू से येस, आई?"

"तसं म्हणायचं असतं गं."

"बट व्हाय?"

मी कोथिंबीर चिरत राहिले आणि ती चिरता चिरता मला आपलं जळगावचं स्वयंपाकघर आठवलं.

प्रॅक्टिस संपली आहे. तुम्ही तिला घरी जेवायला आणलं आहे. ती म्हणजे डेपोतल्या कंडक्टरची मुलगी, आठवीत आपल्या शाळेत आलेली, जिनं सीमारेषेवरून फेकलेला चेंडू सरळ शाळेच्या भिंतीवर आदळलेला पाहून तुम्ही शिट्टी तोंडात तशीच धरून उभे राहिला होतात. माझ्याकडे बघून तुम्ही असे कधी थांबला नव्हतात. आईनं भरीत केलं आहे आणि कळण्याच्या भाकरी. ती मुलगी ताटावर हात आडवा धरते आणि तुम्ही म्हणता, "अगं, वाढ तिला. लाजते ती. नाही म्हणणारच." आई वाढते. ती पुन्हा नको म्हणते, तुम्ही पुन्हा, "अशानं हातात जोर कसा यायचा? घे." तिसऱ्यांदा तर तुम्ही स्वतः उठून तिच्या हाताखालून अर्धी भाकरी सरकवता. मी समोर बसून बघते आहे. मग तुम्ही हात धुता, पंच्याला पुसता आणि पुसता पुसता मला सांगता, "उद्यापासून ही टाकेल. तू मागे बस. तुला चालेल ना?"

तोवर पिचर मी होते.

मी म्हणाले, "चालेल."

"शहाणी गं माझी," असं म्हणून तुम्ही बातम्या ऐकायला बाहेरच्या खोलीत गेलात. तिनं भाकरीला तीनदा नको म्हटलं, त्यावर तुम्ही एकदाही विश्वास ठेवला नाही. मी एकदाच चालेल म्हटलं आणि ते तुम्हाला लगेच पटलं. पंगतीत व्याह्यांच्या पानात जिलब्या लोटणारे तुम्ही, पाहुणा पोटाला हात लावून विनवायला लागला तरी न ऐकणारे तुम्ही. पोटच्या पोरीपाशी तुमचा सगळा आग्रह संपला होता का?

नंतर तुम्ही एसटीनं पुण्याला जाऊन माझ्यासाठी कॅचरचा ग्लोव्ह आणलात, खऱ्या कातड्याचा. शाळेत सगळ्या म्हणाल्या, सर लेकीचे किती लाड करतात. त्या ग्लोव्हला मी तेल लावलं, पावसात फ्रॉकखाली धरून वाचवला, पण तो मला आवडला मात्र कधीच नाही. एकदा सगळ्यांसमोर तुम्ही मला झापलंतही. "कॅचरनं तोंड पाडून बसायचं नसतं. बाकी सगळे तुझ्याकडे तोंड करून उभे असतात. त्यांना दिवसभर तुझंच तोंड बघायचंय." बोललात ते खरंच होतं. पण तोंड का पडलं आहे, हे तुम्ही घरी येऊनही विचारलं नाहीत. ती कंडक्टरची मुलगी आता तिकडेच एका शाळेत खेळ शिकवते. दर गुरुपौर्णिमेला तुमच्याबरोबरचा फोटो टाकते, खाली लिहिते, सर, तुम्ही नसता तर मी कुणीच नसते. त्या फोटोत मीही आहे, कडेला, तोंडावर जाळी चढवलेली. यंदा तो फोटो आमच्या मीटिंगच्या आठवड्यातच आला. लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. मी फोन पालथा ठेवला.

तर मी हूफडॉर्पला खेळायला लागले. माणसं चांगली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. वारा नेहमी समोरून, आणि सायकलवरून जाताना मी काय करायचे, तर जुन्या टीमचं काय चाललंय याचा विचार करायचे. त्यांनी मला व्हॉट्सॅप ग्रुपमधून काढलं नव्हतं. काढायला हवं होतं. नव्या पिचरचे फोटो मला रोज दिसत. फिजिओथेरपिस्ट आहे ती, लांब हात, सदा हसरी. तिनं ॲपल केक करून आणला, सगळ्यांना आवडला. कोच तिला सामानासकट गाडीतून घरी सोडते. मला चार वर्षांत कधी सोडलं नव्हतं, अर्थात मी सायकलवर असायचे, पण म्हणून काय झालं. ती येऊनही ते हरत राहिले आणि प्रत्येक हारीला मी ग्रुपवर रडका चेहरा टाकून इकडे गुणगुणत भांडी लावायचे. अशी ही तुमची शहाणी मुलगी.

सीझनची शेवटची मॅच नेमकी आमची आणि त्यांची आली. मी बॅट घेऊन उभी राहिले. समोर ती. मागे, माझ्या जागेवर, प्लंबर. मी ठरवूनच आले होते की हिला आज असा फटका मारायचा की चेंडू कालव्यात शोधायला लागला पाहिजे. पहिला चेंडू आला तो मला दिसलाच नाही. दुसरा दिसला, पण बॅटपाशी येता येता खाली गेला, मी हवेत बॅट फिरवली, आणि प्लंबरच्याही हातून तो सुटून मागच्या जाळीवर गेला. तो पुटपुटला, "मला हे झेपत नाही." तिसऱ्यालाही तेच झालं. मी आउट होऊन बाकावर येऊन बसले आणि बघत राहिले. ती सुंदर टाकत होती, बाबा. आणि तो माणूस प्रत्येक दुसरा चेंडू सांडत होता, त्यामुळे ती बिचकून हात राखून टाकायला लागली होती. मला बाकावर बसवेना. तो खाली जाणारा चेंडू कुठे पडणार हे मला तिच्या कोपरावरून कळत होतं, माझे हात आपोआप तिकडे जात होते. इतके आठवडे मी तिच्यावर जळत होते, आणि त्या घटकेला कळलं की मी आता प्लंबरवर जळते आहे.

मॅच आम्हीच जिंकलो. कोच माझ्याकडे आली, दीड मीटरवर थांबली. म्हणाली, "तू इतक्या पटकन हो म्हणालीस. मला वाटलं, तू आम्हाला कंटाळलीच होतीस. नवऱ्याला मी त्या दिवशी सांगितलंसुद्धा, तिनं डोळ्याची पापणीही हलवली नाही. खोटं कशाला सांगू, तुझ्या या नव्या टीमचा मला हेवा वाटला." मग तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी परत येतेस का?"

तोंडात आलंच होतं, की तुम्हाला बरं वाटेल तसं. ते मी गिळलं. ती बाई दुसऱ्यांदा विचारणार नव्हती, आणि तिच्या लेखी त्यात माझा मानच होता. मी म्हणाले, "हो. मला यायचंय. आणि हिच्या मागे मीच बसणार."

"प्रीमा," ती म्हणाली आणि सामान आवरायला गेली. बस्स, एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा मी मागून घेतलं आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही.

रविवारची दुपार आहे. आत मुलगी तिच्या मैत्रिणीशी डचमध्ये बोलते आहे. हे सगळं मी लॅपटॉपवर लिहिलं, एकदा वाचलं, आणि ते राहील तिथेच. आईला वाचून दाखवायचा विचार आला होता, पण ती म्हणेल, तेव्हाच बोलायचं होतंस, आणि तुमचीच बाजू घेईल. मी अजूनही जळते, ते काही एका मॅचनं जाणार नाही. पण ती मुलगी माझ्याहून चांगली टाकते. आणि बाबा, तुमची तीही माझ्याहून चांगलीच टाकायची, हे मला पहिल्या दिवशी तिचा चेंडू झेलून हाताला झिणझिण्या आल्या तेव्हाच कळलं होतं. तुम्ही निवडलंत ते बरोबर निवडलंत. फक्त मला अजून एकदा विचारायला हवं होतं.