थंड पाणी खोल गेलं त्या वर्षी

पाराचीके, ८ डिसेंबर १९८२

चि. नेलिदा हिस अ. आ.

जहाजावरच्या बाईसाहेबांना कोळी भावाचा सलाम! इथे समुद्र कोमट झालाय. पोरं मजेत डुंबतात, मोठी माणसं तोंड फिरवून बसतात. अँचोव्हेता मासा औषधालाही नाही. उपाशी पेलिकन पार दारापर्यंत चालत येतात. तुझी वहिनी फेलिपा त्यांना झाडूने हाकलते आणि मग स्वतःच रडते. बाबा म्हणतात, मासे कुठे गेले ते नेलिदाला विचार, पाण्याचंच शिकलीय ना ती? त्यांना धीर येईल असं काहीतरी लिही. खोटं असलं तरी चालेल.

आठवण ठेव, बाकी काही नको.

तुझा अबुंदिओदादा

पायता बंदर, २१ डिसेंबर १९८२

ती. दादास सा. न.

खोटं लिहायला बसले, जमलं नाही. एरवी वारा वरचं गरम पाणी पश्चिमेला लोटतो, म्हणून खालचं थंड पाणी आपल्या किनाऱ्याशी वर येतं आणि त्याच्याबरोबर माशांचं खाणं. यंदा वाराच पडलाय. गरम पाण्याचा जाड थर बसलाय. थंड पाणी लागायला नमुने घ्यायची आमची बाटली जहाजावरून कितीतरी खोल सोडावी लागते. काही मासे खाली गेले, काही दक्षिणेला. कुणाच्याच हातात काही नाही. बाबांना म्हणावं, घरी बसा आणि वहिनीला छळू नका.

माया पातळ होऊ देऊ नका.

नेलिदा

पाराचीके, ९ जानेवारी १९८३

चि. नेलिदास अ. आ.

तुझं पत्र ऐकून बाबा म्हणाले, मासे खाली गेले तर जाळंही खाली जाईल. शेजाऱ्यांचे दोर मागून जोडले, दगड बांधले. मी भांडलो तर म्हणाले, तू चुलीपाशी बस, भित्र्या. एकटं कसं सोडणार? गेलो.

जाळं खोल उतरलं आणि तिथल्या प्रवाहाने ते धरलं. होडी वरच्या पाण्याबरोबर एकीकडे, जाळं दुसरीकडे. दोर बाबांच्या उजव्या हाताला आवळला. मी तो तोडेपर्यंत बोटं गेली होती. ते ओरडले ते जाळ्यासाठी.

तुला बोल लावत नाहीत ते. मीही नाही. पिस्कोकडे शिंपले उदंड झालेत म्हणून आम्ही तिकडे कामाला निघालो. बाबा हलत नाहीत. तू येतेस का?

रागावू नकोस.

दादा

पाराचीके, ३० ऑगस्ट १९८३

ती. दादास सा. न.

परवा पाणी गार लागलं. काल अँचोव्हेता आला, थोडाच, पण आला. सगळं गाव किनाऱ्यावर ओरडत होतं. बाबाही गेले, गर्दीत उभे राहिले. कुणीतरी दोराचं टोक त्यांच्याकडे फेकलं, सवयीने. बाबांनी झेललं आणि ते त्यांच्या हातातून निसटलं. मग दुसऱ्याने तो दोर उचलला आणि ओढणं सुरू झालं.

शेजारणीने टोपलीभर मासे दारात ठेवले. मी तळले. बाबा डाव्या हाताने जेवले, बरंच सांडलं. भरवू का, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. समोर बसून राहिले.

तुम्हा सगळ्यांची वाट पाहते.

नेलिदा