मीठ शेवटच्या नळाला पोचेपर्यंत

बाबा, तुझ्या बनियनचा रंग मला अजून आठवतो, म्हणजे रोजचा वेगळा. तारापूरच्या ज्या रंगाच्या कंपनीत तू कामाला होतास तिथं त्या दिवशी जो माल निघायचा, तोच तुझ्या अंगावर घरी यायचा. उमरोळीला गाडीतून उतरून तू पाड्यावर पोचलास की आई तुझे कपडे बादलीत बुडवते, बादली मोरीत उपडी करते, आणि निळं नाहीतर गुलाबी पाणी नालीतून शेजारच्या काकूच्या दाराकडं निघतं. मी त्याच्या बरोबरीनं धावते. कडेचा रंग रेंगाळतो, मधला पुढं पळतो, खळगा आला की बसून राहतो, फिका होत जातो. काकूच्या उंबऱ्याशी पोचला की मी ओरडते, "आला!" काकू आतून म्हणते, "आज हिरवा काय? बापाला सांग, येकदा भगवा पाठव, सण हाय." तू चिडायचास. "नालीच्या मागं धावून कुणाचं भलं झालंय? पुस्तक घे." पण दुसऱ्या संध्याकाळी तूच बादली तिरकी धरून मोरीशी उभा असायचास आणि हळूच विचारायचास, "सोडू काय?"

तू गेलास तेव्हा मी शाळेत होते, म्हणून सांगते. मी पुस्तक घेतलं, घरातली पहिली पदवीधर झाले, आणि आता पगार घेऊन तेच करते. पालघरच्या एका कचेरीत बसून गावोगावच्या नळयोजना संगणकावर उतरवते. टाकी, पाइप, व्हॉल्व्ह सगळं मांडायचं आणि हिशेब करायचा, की पाणी कुठल्या पाइपात किती वेगानं जाईल आणि त्यात विरघळलेली वस्तू कुणाच्या नळाला कधी पोचेल. आईला वाटतं मी प्लंबर आहे. ती पाड्यावर तसंच सांगते, आणि बायका मला गळके नळ दाखवायला आणतात. आता मी वायसर बदलायलाही शिकले आहे.

आपल्या गावाची योजना मी कुणी न सांगताच मांडली. टाकी गावात, आणि आपला पाडा पाइपाच्या पार शेवटच्या टोकाला. टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर पडते, पण पाणी आपल्याकडं पोचेस्तोवर इतका वेळ पाइपात पडून राहतं की औषधाचा जोर वाटेतच संपतो. टाकीजवळची माणसं वास येतो म्हणून नाक धरतात आणि आपल्या पाड्यावरच्या पोरांची पोटं सारखी बिघडलेली. आपलं टोक खालच्या आळीच्या पाइपाला जोडलं तर पाणी फिरतं राहील, एवढंच माझं मागणं होतं. ग्रामसभेत सरपंच माझी आकृती उलटी धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "औषध टाकीत टाकलं म्हणजे गावाला मिळालं. ह्यात तर पाणी दुसऱ्या दिवशी पोचतं म्हणतेस. पाणी काय मधी मुक्कामाला थांबतं काय?" मी म्हणाले, हो, थांबतं. सगळी सभा हसली. "मग डोळ्याला दाखव. दिसलं तर जोडू पाइप."

रंग टाकून दाखवणं सोपं होतं. पण आपल्या कारखान्यांच्या भागात नळाला रंगीत पाणी आलं तर लोक कारण विचारत नाहीत, सरळ मोर्चा काढतात. म्हणून मीठ घ्यायचं ठरवलं, खायचंच आणि जिभेला कळणारही नाही इतकं थोडं. क्षार मोजणारा मीटर नळाखाली धरला की आकडा चढतो आणि मीठ आलं ते कळतं. लोक घाबरू नयेत म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः पंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं, "उद्या टाकीत मीठ टाकणार आहोत. काळजी करू नये." लोकांनी अजिबात काळजी केली नाही. बायकांनी स्वयंपाकात मीठच घातलं नाही.

सकाळी टाकीत मीठ पडलं आणि गावात त्याच दिवशी साखरपुडा. शंभर पानांचं वरण, भात, वाटाण्याची उसळ, सगळं अळणी! नवऱ्या मुलाचा मामा पंगतीतून ओरडला, "मीठ कुठं हाय?" आणि वाढपी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "तिला विचारा." मी पानापानाशी जाऊन विरळ द्रावण म्हणजे काय ते समजावत होते. विहीणबाई म्हणाल्या, "पोरी, तुझं शिकणं राहू दे, मिठाचं भांडं आण."

तिथून सुटून मीटर घेऊन पाड्यावर आले, तर काकूनं सकाळीच बोंबलाचं कालवण चुलीवर चढवलेलं. दर थोड्या वेळानं ती पदराला हात पुसत नळापाशी येते. "आलं काय गं मीठ?" "नाय, काकू. आणि आलं तरी कालवणाला पुरायचं नाय." "पुरंल, तू आण तर." संध्याकाळपर्यंत अख्खा पाडा माझ्या मीटरभोवती. आकडा हलत नाही. त्या रात्री पाडा अळणी जेवला, कुणी डबा उघडून मीठ घेतलं नाही. सगळे हट्टालाच पेटले होते. मीठ आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाण्याबरोबर.

त्याच संध्याकाळच्या सभेला मी नवीन आकृत्या नेल्या होत्या. त्या पिशवीतच राहिल्या. काकू उभी राहिली. "टाकीत मीठ पडलं काल, आमच्या दारात आलं आज. येवढ्या वेळात मी पायी पालघरला जाऊन, मीठ घेऊन, कालवण करून, जेवून झोपले असते. मग तुमची पावडर तरी कशी जिती पोचायची? आमी काय शिळं पाणी प्यायचं काय?" सरपंच हसायला गेले, पण साखरपुड्याचं वरण त्यांनीही खाल्लं होतं. ह्या आठवड्यात पाइप जोडायला चर खणतायत, बाबा. आपल्या दारावरूनच जातो.

हे कागद कुठं टाकायचे माहीत नाही. आई म्हणेल चुलीत, म्हणून तिला दाखवत नाही. फक्त एक सांगून टाकते. अहवालात मी लिहिलंय, "शेवटच्या नळावर क्षारांत वाढ आढळली." आढळली वगैरे काही नाही. आकडा चढला तेव्हा मी मीटर तसाच नळाखाली टाकून, गळ्यातलं ओळखपत्र उडवत, नालीच्या कडेनं काकूच्या दारापर्यंत पळत गेले आणि "आलं!" म्हणून ओरडले.