जर्दाळूऐवजी मुरांबा

वरणगाव, रविवार, १४ डिसेंबर २०२५. सकाळी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, दुपारी जेवलो, चारला मुलं पुण्याला गेली. आता अंगणात राख आहे.

आदरणीय अक्का यांस देवचंदचा सविनय जयभीम. थंडीत गुडघे कसे आहेत? मी ठीक आहे. पोळ्या जमू लागल्या आहेत (शेजारचे भिकनभाऊ त्यांना पोळ्या म्हणत नाहीत). बाकी तुमची बहीण नसलेल्या घरात असतं तसं सगळं आहे.

प्रशील आणि सूनबाई शिल्पा आले होते. प्रशीलनं मोबाइलमध्ये बार्बेक्यू सॉसची कृती बघून ठेवली होती, म्हणजे भाजत्या कोंबडीला फासायची आंबटगोड, तिखट चटणी. आपण पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजतो, त्याच धगीवर हा कोंबडी भाजणार. कृतीत जर्दाळूचा जाम होता. जीवरामभाऊंनी दुकानात लाल जामची बाटली पुढे केली आणि जाम लालच असतो असं सांगितलं. वाद घालणं मला जमत नाही, रिकाम्या हातानं परतलो. शिल्पानं सहज विचारलं, "बाबा, आईंचा मुरांबा असेल ना? तो चालेल."

लिलानं या उन्हाळ्यात दोन बरण्या भरल्या होत्या, माझ्यासाठी मुरांबा आणि तुमच्यासाठी मेथांबा. दोन्ही पांढऱ्या चिनी मातीच्या, एकाच जुन्या पातळाच्या फडक्यानं तोंड बांधलेल्या. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमची तुम्हाला दिली, माझी फळीवर ठेवली. उघडली नाही. उघडली की संपणार. रोज संध्याकाळी पुसायचो. हात लावला की वाटायचं, मे महिन्यातलं ऊन आत अजून तसंच आहे आणि ती गच्चीवर फोडी वाळवते आहे.

मुलांना नाही म्हणवलं नाही. गाठ मीच सोडली आणि तोंड फिरवून तीन-चार चमचे पातेल्यात टाकले (चाखलं नाही). अंगणातला धूर निंबाच्या फांद्यांत निळा होऊन रेंगाळत होता. पातेल्यातून वास आला तेव्हा ती आत चुलीपाशी आहे असंच वाटलं, आणि बरणीला ओला चमचा लावल्याबद्दल बोलणी खायला मी तयार होऊन बसलो. भिकनभाऊंनी (हे तुमच्या साक्रीकडचे) बोट बुडवलं आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ मुरांबा नही, मेथांबा शे."

म्हणजे इतके महिने मी तुमची बरणी पुसत होतो. सॉस मात्र उत्तम झाला. गूळ, तिखट, मोहरी, मेथ्या, सगळं लिलानं आधीच घालून ठेवलं होतं. प्रशीलनं जर्दाळू कायमचा रद्द केला. जीवरामभाऊ वासावर आले, दोनदा वाढून घेतलं आणि रंगाविषयी काही बोलले नाहीत.

हे आपलं गंमत म्हणून कळवलं. काम काही नाही.

तुमचा देवचंद

ता.क. पुढच्या रविवारी साक्रीला येतो. तुमची बरणी आणतो, थोडी कमी असेल. स्वयंपाक करू नका, एक पोळी पुरे.

ता.क. दुसरा. मुरांब्याबद्दल तुम्ही फोनवर काही बोलला नाहीत, म्हणजे बरणी उघडली नसेल किंवा तो आवडला असेल. उघडली नसेल तर तशीच ठेवा. संपला असेल तर सांगू नका, फक्त बरणी धुऊ नका. (फोन केला असता तर उत्तर लगेच मिळालं असतं, म्हणून पत्र.)

ता.क. तिसरा. आत्ता चमचा धुवायला घेतला. मेथांबा मला कडू लागतो, म्हणून तर ती माझा वेगळा भरायची. तरी चाटला. मग धुऊन पालथा घातला.